डाव्या बाजूचं वजन

रविवारी सकाळी साडेनवाला निनावे मंडळी उमरेड रोडवरच्या तलावावर पोहोचली आणि दहा वाजेपर्यंत त्यांच्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. निनाव्यांच्या मानानं ही प्रगतीच म्हणायची. दिवाळीच्या फराळाला हेच काम पंधरा मिनिटांत उरकलं होतं.

बोलणं बंद झालेले दोघं म्हणजे सख्खे भाऊ. थोरला अभिजीत बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होता, आणि सुट्टीच्या दिवशी ती शिफ्ट घरी चालवायचा. धाकट्या चेतननं मिहानमधली एसीतली नोकरी मे महिन्यात सोडली होती, कारण त्याला लाट बनवायची होती. हे त्यानं घरात सांगितलं तेव्हा भारतीनं, म्हणजे अभिजीतच्या बायकोनं, आधी दूध खाली उतरवलं, मग गॅस बंद केला आणि मग शांतपणे विचारलं, "कशाची लाट, भाऊजी?"

पाण्याची. नागपूरपासून समुद्र आठशे किलोमीटर लांब आहे ही गोष्ट चेतनला अडचण वाटत नव्हती, संधी वाटत होती. बोट एका अंगावर कलती करून, मागं भरपूर वजन टाकून हळू पळवली की तिच्या कललेल्या बाजूला एक लाट उठते. ती बोटीबरोबर चालत राहते. त्या लाटेवर माणूस फळीवर उभा राहतो, आधी दोरी धरून, मग दोरी सोडून. दोरी सोडायची ही त्यातली गंमत, असं चेतनचं म्हणणं. नोकरीच्या बाबतीत त्यानं ती गंमत आधीच करून पाहिली होती.

बोट घरचीच होती. वडिलांची, ताराचंद निनाव्यांची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तलावावरचा बोट क्लब बंद पडला तेव्हा तिथं बोट चालवणाऱ्या ताराचंदांनी ही फायबरची जुनी नाव लिलावात घेतली. घेताना घरातला हातमाग विकला. माग बायकोचा होता. कोष्ट्याच्या घरात जन्मून ताराचंदांचा हात मागावर कधी बसला नाही. तुळजाबाईंच्या हातचं लुगडं मात्र इतवारीतले दुकानदार नाव घेऊन मागायचे. भरपाई म्हणून ताराचंदांनी नावेवर लाल रंगात 'तुळजा' लिहिलं. तुळजाबाईंनी त्या दिवशी जे वाक्य उच्चारलं ते पुढं अठ्ठावीस वर्षं जसंच्या तसं चाललं: "नाव माझं, नाव त्याईची." आणि त्या आजतागायत त्या नावेत बसल्या नव्हत्या.

आजही त्या काठावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत संत्री सोलत बसल्या होत्या. शेजारी रोशन भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. रोशनला अभिजीतनं बोलावलं होतं. गेल्या रविवारी जेवताना ठरलं होतं की अभिजीतची पोरगी नंदिनी दोरी सोडून वीस आकड्यांपर्यंत लाटेवर उभी राहिली तर नाव राहणार. पलीकडच्या काठाच्या रिसॉर्टचे मनोहरराव व्हिडिओ पाहून नावेसकट चेतनला ठेवून घ्यायला तयार होते. नाही राहिली, तर नाव भंगारात. आकडे मोजणार अभिजीत. निकाल लागायच्या आधीच टेम्पो आणून ठेवणारा पंच दुसरीकडं कुठं मिळाला नसता.

या ठरावाच्या वेळी ताराचंदांना कोणी काही विचारलं नाही. ते "हाव" म्हणाले आणि ताक प्यायले. प्रवासी येणं कधीच बंद झालं होतं, तरी एकाहत्तराव्या वर्षीही ते रोज पहाटे सहाला उठून पहिल्या बसनं तलावावर यायचे, नाव पुसायचे, इंजिन पाच मिनिटं चालवायचे आणि परत जायचे. नाव गेली तर सोमवारी सहाला उठून जायचं कुठं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण हा प्रश्न ठरावात बसत नव्हता.

"वहिनी, तुमचं वजन?" चेतननं वही उघडली.

भारती डबे मोजत होती. रोडगे, वांग्याची भाजी, आणि सावजी मटणाचा वेगळा डबा, कारण सासूबाई आज आपण शाकाहारी आहोत की नाही हे जेवायला बसल्यावर ठरवायच्या. "अठ्ठावन," ती म्हणाली.

चेतननं लिहून घेतलं. हा आकडा तिच्या लग्नाच्या अल्बममधला होता हे त्याच्या ध्यानात आलं, पण सात महिन्यांत घरातून त्याच्या बाजूनं उभं राहणारं एकच मोठं माणूस त्याला बारा किलोंसाठी गमवायचं नव्हतं.

भारती त्याच्या बाजूनं का होती, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. लाटेबद्दल तिचं काही मत नव्हतं. पण नंदिनी, जी घरात कोणाला हो किंवा नाही यापलीकडं उत्तर देत नव्हती, ती सात महिने दर शनिवारी काकाबरोबर येऊन फळीवरून आपटत होती आणि घरी येऊन दोन पोळ्या जास्त खात होती. आईला एवढं पुरतं. नवऱ्याला ते सांगायचं तिनं दोनदा मनात आणलं आणि दोन्ही वेळा नवरा आधीच बोलत होता.

चेतननं नावेचं काय काय केलं होतं, ते आता सगळ्यांना दाखवून झालं. इंजिन पोटात आणि पंखाही नावेच्या पोटाखाली, म्हणून मागं जवळ उभ्या माणसाला धोका नाही. ही जुनी नाव म्हणूनच कामाची. पंखा बदललेला, म्हणजे वजन ओढता येईल. दोरी उंच बांधायला मंडपवाल्याकडून वाकवून घेतलेली लोखंडी कमान. उजव्या कोपऱ्यात मागं, पाण्यात उतरणारी ॲल्युमिनियमची पट्टी. ती उजवीकडचं पाणी अडवते म्हणून डावीकडची लाट साफ उठते. आणि डाव्या अंगाला ताडपत्रीवाल्याकडून शिवलेल्या दोन मोठ्या पिशव्या, तलावाचं पाणी भरायला. पाणी भरायचा पंप घरच्या कूलरचा होता.

"आपल्या कूलरचा?" अभिजीतनं विचारलं. विचारलं भारतीला, कारण भावाशी बोलणं बंद होतं.

"डिसेंबरात कूलर लागते का तुमाले?" भारती म्हणाली.

"अन् ते पट्टी कोणं वाकवून देल्ली?"

"बुटीबोरीतल्या कोण्या वेल्डरनं," भारती डब्याकडं पाहत म्हणाली. तो वेल्डर अभिजीतच्याच शिफ्टमधला होता आणि हे अभिजीत सोडून सगळ्या शिफ्टला माहीत होतं.

पहिल्या फेरीला ताराचंद सुकाणूवर बसले, उजवीकडं. भारती आणि चेतन डावीकडं. अभिजीत लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून उजवीकडं वडिलांच्या मागच्या बाकावर जाऊन बसला.

"दादा, डाव्या बाजूनं बस न गा," चेतननं अबोला मोडला. "लाट डावीकडं पाहिजे. वजन तिकडं लागते."

"मी कोणाच्या बाजूनं बसत नसतो."

"ते बाजू नाही, हे बाजू. नावेची."

"मले बाजू समजते," अभिजीत म्हणाला आणि तलावाकडं पाहू लागला.

नाव निघाली. ताशी सतरा किलोमीटर, चेतननं सांगितलेली गती. ज्या माणसानं आयुष्यभर प्रवाशांच्या टोप्या उडवण्यात अभिमान मानला त्याला ही गती फार जिव्हारी लागली असणार, पण ताराचंदांनी काटा सतरावरून हलू दिला नाही. मागं नंदिनी दोरीला धरून उठली. नावेमागं पाणी उठलंही, पण ते सगळं फेस होऊन विस्कटलं. नंदिनीनं दोरी सोडली आणि दोन आकड्यांत ती पाण्यात होती.

"दोन," अभिजीत म्हणाला. पंचाचं काम तो चोख करत होता.

दुसऱ्या फेरीआधी भारती त्याच्यासमोर उभी राहिली. "पोरगी तुमची आहे. थंडीत पाण्यात हाये. इकडं बसा."

अभिजीत उठला. उठताना त्याचा पाय बाकाखालच्या फळीवर आपटला, तो कळवळला आणि डावीकडं जाऊन बसला. सुकाणूवरचे वडील सोडले तर आता नावेतलं सगळं घर एका बाजूला होतं. चेतनला हे दृश्य लहानपणापासून पाहायचं होतं. ते पाहायला आपल्याला बोट फिरवावी लागेल हे मात्र माहीत नव्हतं. नाव डावीकडं कलली, पण त्याच्या हिशेबात जेवढी कलायला हवी तेवढी नाही. लाटेला आकार आला, माथ्यावर फेस राहिला. नंदिनी पाचपर्यंत टिकली.

परत काठाला आल्यावर चेतन वही घेऊन बसला. पिशव्या भरलेल्या, पट्टी खाली, माणसं डावीकडं. वहिनीचे बारा किलो त्यानं मनातल्या मनात आधीच धरले होते. तरी नाव कलत का नाही, त्याला कळेना. पेट्रोल एका फेरीपुरतं उरलं होतं. तिकडं रोशन टेम्पोतून जाड दोर काढून त्याची गुंतागुंत सोडवत होता, आणि हे तो मुद्दाम नाही तर केवळ वेळ जात नाही म्हणून करत होता, त्यामुळं ते जास्तच टोचत होतं.

"मले दोन वाजता कळमन्यात दुसरा माल उचलाचा आहे, भाऊ," रोशन म्हणाला. "पाहा तुमचं."

अभिजीतचा मोबाइल सापडेना. दुसऱ्या फेरीआधी बाकावरून उठताना तो खिशातून पडला असणार म्हणून तो एकटा नावेत गेला आणि उजव्या बाकाखाली हात घातला. तिथं ती फळी होती, मघाशी त्याच्या पायाला लागलेली. फळी नवी नव्हती, पण तिची खूण नवी होती. खालच्या धुळीवर ती नुकतीच सरकवल्याचा ओरखडा होता. कारखान्यात वीस वर्षं माल कुठं लपवतात हे शोधत आलेल्या माणसानं ती फळी सहज उचलली.

आत चार दगड होते. प्रत्येक साधारण वीस किलोचा, मधून दोरीची खाच पडलेला, जुन्या लुगड्याच्या काठाच्या तुकड्यात गुंडाळलेला. अभिजीतनं एकाचं कापड बाजूला केलं. दगडाचा एक कोपरा फुटका होता. तो कोपरा फुटला तेव्हा अभिजीत सात वर्षांचा होता आणि दगड त्याच्या उजव्या अंगठ्यावर पडला होता. त्या अंगठ्याचं नख आजही वाकडंच येतं.

हे आईच्या मागाचे दगड होते. मागाच्या मागच्या बाजूला दोरीनं टांगायचे, दोन इकडं, दोन तिकडं, म्हणजे सुताचा ताण सारखा राहतो. आई सांगायची, एका अंगाला वजन कमी पडलं की कापड तिरकं येतं. आणि माग विकल्यावर ती अठ्ठावीस वर्षं सांगत होती, दगडसुद्धा सोडले नाहीत तुमच्या बापानं.

ऐंशी किलो उजवीकडं. नाव कलत का नाही, हे आता जगात एकट्या आपल्यालाच माहीत आहे असं अभिजीतला वाटलं. त्यानं फळी परत लावली. शेजारीच पडलेला मोबाइल खिशात टाकला. पाच पावलं चालला. मनात म्हणाला, मी काय शोधाले गेलो होतो का, आपोआप दिसलं. मग तिथंच उभा राहिला, स्वतःला एक खास बुटीबोरीची शिवी दिली, परत फिरला, फुटका दगड काखेत घेतला आणि काठावर जाऊन आईच्या पायाशी ठेवला.

"आई, हे पाह्य."

तुळजाबाईंच्या हातातली संत्र्याची फोड तशीच राहिली. त्यांनी खाचेवर बोट फिरवलं. नंतर काठाचा तुकडा ओढून डोळ्यांजवळ नेला.

"हे कुठं भेटले?"

"बाबाच्या मागच्या सीटखाली. चारही."

गुडघाभर पाण्यात नावेचा दोर धरून उभे असलेले ताराचंद तिकडं पाहत होते. पळायला जागा नव्हती. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला कुटुंब.

"तुमी त विकले म्हटलं होतं," तुळजाबाई म्हणाल्या.

"माग विकला. दगड नाही विकले."

"काहून?"

ताराचंदांनी दोर या हातातून त्या हातात घेतला. "मी उजवीकडं एकटा बसू त नाव कलून राहिली होती. डावीकडं ठेवले. मंग तिथंच राहिले."

"अठ्ठावीस वर्सं?"

"हाव."

"अन् मले सांगाले तोंड नव्हतं?"

"तू नावेत आली असती त दिसलेच असते," ताराचंद म्हणाले. या वाक्यात तक्रार होती, आणि ती त्यांनी इतकी वर्षं गिळून ठेवली होती हे त्यांच्या आवाजावरून काठावरच्या सगळ्यांना कळलं. रोशननंसुद्धा दोर खाली ठेवला.

चेतन मात्र वहीतच होता. "पण बाबा, डावीकडं होते त उजवीकडं कसे आले?"

"कालच्या रोजी तू पिशव्या भरून पाहिल्या न गा. तू गेला, मी पाहिलं त नाव पूर्ण डावीकडं वाकडी. म्हटलं, पोराच्या ध्यानात नाही राहिलं. म्हून इकडचे दगड तिकडं केले. दोन्हीकडं सारखं पाहिजे. मले कोणं इचारलं नाही त मी सांगितलं नाही."

सात महिने, एक पंखा, एक पट्टी, एक कमान, घरचा कूलर. चेतननं वही मिटली. रडावं की हसावं हे ठरवायच्या आत नंदिनी, टॉवेल गुंडाळून कुडकुडत, फस्सकन हसली. त्या पोरीचा हसण्याचा आवाज ऐकून अभिजीतनं मान वळवली. तो आवाज त्यानं घरात शेवटचा कधी ऐकला होता, त्याला आठवेना.

"सारखं पाहिजे हे कोणं सांगितलं तुमाले?" तुळजाबाईंनी विचारलं.

"तूच त सांगे. मागावर."

तुळजाबाईंनी उरलेली फोड तोंडात टाकली, सालं पदरातून झटकली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. "ते केसरी जाकीट आण वं भारती. मोठं आण, तुझ्या मापाचं."

भारतीनं निमूट आणलं. अठ्ठावनचा विषय कोणी काढला नाही.

तुळजाबाईंना नावेत चढवणं हे काही शोभेचं दृश्य नव्हतं. एक दंड अभिजीतनं धरला, एक चेतननं. नाव हलली, तुळजाबाईंनी दोघांच्या जन्माचा उद्धार केला.

"धर न नीट," अभिजीत म्हणाला.

"धरलं न. तू उचल," चेतन म्हणाला.

दोन भावांमधला त्या दिवसाचा हा सर्वात लांब संवाद होता आणि त्यात भंगार हा शब्द नव्हता. मग दोघांनी मिळून चारही दगड डावीकडं आईच्या पायांशी आणून ठेवले. चेतननं वही काढली आणि आईकडं पाहिलं.

"माझं वजन लिहू नको," तुळजाबाई म्हणाल्या. "ज्याले माहीत पाहिजे त्याले आहे."

नाव निघाली तशी डावीकडं झुकली, मघापेक्षा कितीतरी जास्त. पाणी डाव्या काठापासून वीतभर राहिलं. भारतीनं देवाचं नाव घेतलं. ताराचंदांचा डावा हात आपोआप सुकाणूवर फिरला. नाव वाकडी झाली की सरळ करायची, एवढंच त्या हाताला येत होतं. नाव किंचित उजवीकडं आली आणि मागं लाटेच्या माथ्यावर फेस धरू लागला.

"राहू द्या वाकडी," तुळजाबाई म्हणाल्या.

"पाणी येईन आतमंदी."

"मी बसली न इथं. राहू द्या."

ताराचंदांनी हात स्थिर केला. त्यांना ते फार अवघड गेलं. नाव तिरकीच चालत राहिली, ताशी सतरानं, आणि डाव्या कोपऱ्याच्या मागं पाणी उचललं गेलं, कमरेएवढं, गुळगुळीत, हिरवट. ते तिथंच राहिलं, पुढंही गेलं नाही आणि फुटलंही नाही. नंदिनी त्याच्यावर उभी होती. तिनं दोरी नावेत फेकली. दोरीची मूठ थेट अभिजीतच्या मांडीवर पडली आणि त्यानं ती पकडून ठेवली.

"एक," अभिजीत म्हणाला.

तो हळू मोजेल असं चेतनला वाटलं होतं. तो हळूच मोजत होता, पण घाबरून. नवाला नंदिनी डगमगली तेव्हा तो दहा म्हणायचा विसरला आणि भारतीनं त्याच्या वतीनं दहा म्हटलं. वीस झाले. चेतन मोबाइल धरून होता, पण पाहत होता नंदिनीकडं, त्यामुळं मनोहररावांना पुढं त्या व्हिडिओत मुख्यतः आभाळ दिसलं. पंचांनी वीसला थांबायचं होतं. पण अभिजीत एकवीस म्हणाला, बावीस म्हणाला, आणि लेक आपल्याकडं पाहून हसते आहे हे दिसल्यावर मोजत राहिला. एकतीसला ती पडली.

काठाला आल्यावर रोशननं विचारलं, "मंग मी रिकामाच जाऊ का?"

अभिजीत खिशात हात घालून उभा राहिला. टेम्पो कशाला बोलावला होता, हे कबूल करायची त्याची तयारी नव्हती, आणि ते विचारण्याइतकं वाईट त्या क्षणी कोणी नव्हतं.

"रिकामा काहून जाशीन?" तुळजाबाई दोन्ही पोरांच्या आधारानं खाली उतरत म्हणाल्या. "हे चार दगड टाक. मानेवाड्याले घरी उतरवजो. मी येतो संग, समोर बसतो."

ताराचंद अजून सुकाणूवरच होते. त्यांनी दगड एकेक करून टेम्पोत जाताना पाहिले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मंग माझ्या नावेचा तोल?"

तुळजाबाईंनी टेम्पोचं दार धरलं. "दगड माझे आहेत, माझ्या घरी राहतीन. तुमाले वजन लागलं त मले बलवाचं."

टेम्पो गेला. ताराचंद नाव घेऊन ती बांधायच्या जागेकडं एकटेच निघाले. पिशव्यांतलं पाणी सोडून दिलं होतं, डावीकडं आता काहीच नव्हतं, त्यामुळं ती त्यांच्या अंगाला, उजवीकडं कलली. त्यांनी ती सरळ केली नाही. उद्या पहाटेची पहिली बस सहा चाळीसची असते, आणि घरातून दोघांना निघायचं तर साडेपाचला उठावं लागेल, असा हिशेब करत ते काठाशी आले.